आठ फूट पाणी, हजार फुटांचं यंत्र

कोल्हापूर

चि. भाच्यास,


मिनेसोटात तलाव गोठले, ऑफिसातली मंडळी शनिवार-रविवारी बर्फाला भोकं पाडून मासे धरतात आणि तुलाही तो नाद लागला, हे वाचून घरात हशा पिकला. नाद वाईट नाही. कोल्हापूरच्या पोराला एकही नाद नसला तर घरच्यांनी काळजी करावी. आता तुझा प्रश्न असा, की आठ-दहा फूट पाण्यासाठी मासे दाखवणारा सोनार कुठला घ्यावा. ज्या माणसाने बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिला, त्याला हे विचारतोस म्हणून तुझी मामी अजून हसते आहे. तरी प्रश्न चुकीच्या पत्त्यावर आलेला नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत ओतकामाचे भाग अल्ट्रासॉनिक प्रोबने तपासण्यात मामाची उमर गेली. तुझा सोनार म्हणजे त्याच यंत्राचा पाण्यातला भाऊ आहे.

फाउंड्रीतलं काम थोडक्यात असं. कास्टिंगवर ग्रीस लावायचं, त्यावर प्रोब टेकवायचा. प्रोबमधला क्रिस्टल कानाला न ऐकू येणारा आवाज आत सोडतो. तो पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून परत येतो आणि स्क्रीनवर एक उभा काटा दिसतो, त्याला बॅकवॉल एको म्हणतात. आत पोकळी असेल तर त्याच्या अलीकडे दुसरा काटा उठतो. जाड कास्टिंग तपासणं सोपं. घाम फोडतं ते पातळ कास्टिंग. आवाज सुटल्यावर क्रिस्टल क्षणभर थरथरत राहतो आणि तेवढ्या वेळात पृष्ठभागालगतचं काही दिसत नाही. त्यातून आवाज जास्त सोडला, तर तो दोन भिंतींमध्ये चेंडूसारखा आपटत राहतो आणि सगळा स्क्रीन काट्यांनी भरून जातो. नवा पोरगा अशा वेळी हमखास गेन, म्हणजे एको फुगवून दाखवायची पातळी, वाढवतो. वास्तविक तो कमी करायचा असतो.

उथळ पाणी म्हणजे पातळ कास्टिंग. एवढं ध्यानात ठेवलंस, तर दुकानदार तुला फसवू शकणार नाही.

पाण्यात आवाज किती वेगाने जातो, हे १८२६ साली जिनिव्हाच्या तलावात मोजलं गेलं. कोलादों आणि स्टर्म यांनी एका होडीतून पाण्याखाली घंटा वाजवली आणि दूरच्या दुसऱ्या होडीत ती ऐकली. आठ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वेग आला सेकंदाला १४३५ मीटर. गोठायला आलेल्या पाण्यात तो थोडा कमी, साधारण १४०० धर. म्हणजे आठ फूट तळाला जाऊन परत यायला आवाजाला साडेतीन मिलिसेकंद लागतात. तुझ्या यंत्राला जे काही शहाणपण दाखवायचं, ते या साडेतीन मिलिसेकंदांत.

माशांसाठी हे तंत्र पहिल्यांदा नीट वापरात आणलं जपानच्या नागासाकी भागातल्या फुरुनो बंधूंनी, १९४८ मध्ये. पुढे १९५७ च्या सुमारास अमेरिकेत लोरन्स बापलेकांनी हौशी गळकऱ्यांसाठी छोटं खोकं काढलं. आज आपल्या कोकणातल्या मोठ्या मच्छीमार बोटींवरही फिश फाइंडर असतो. धरणात गाळ किती साठला हे मोजायलाही याच जातीचं यंत्र बोटीला लावतात. पण समुद्र आणि धरण ही खोल पाण्याची दुनिया. तिथले आकडे वाचून तुझं यंत्र निवडू नकोस.

खोक्यावर मोठ्या अक्षरात काय लिहिलेलं असतं? किती हजार फूट खोलीपर्यंत चालतं आणि किती वॉटची ताकद आहे. तुझ्या कामाला दोन्ही आकडे निरुपयोगी. खोली तर तुला दोऱ्याला शिसं बांधून पाच सेकंदात कळेल. रंकाळ्यावर गळ टाकणारा कुणीही पोरगा ते करतो. उथळ पाण्यात ताकद तर उलट त्रास देते. आवाज तळावर आपटतो, वर बर्फाच्या खालच्या बाजूला आपटतो, पुन्हा खाली जातो आणि आठ फुटांच्या पाण्यात सोळा फुटांवर दुसरा तळ दिसतो. मधे जरा पाणवनस्पती असल्या, की सगळं लालेलाल. म्हणून पहिला प्रश्न हा विचार: याचा आवाज किती खाली आणता येतो? व्हेक्सिलार कंपनीच्या जुन्या यंत्रांसाठी ‘एस-केबल’ नावाची वेगळी वायर मिळते, ती यंत्राची संवेदनशीलता मुद्दाम कमी करते. नव्या काही मॉडेलांत लो-पॉवर मोड आतच असतो. ज्या यंत्रात यापैकी काहीच नाही, ते कितीही गाजलेलं असो, तुझ्या तलावासाठी नको.

दुसरी गोष्ट ट्रान्सड्यूसरचा, म्हणजे सोनारच्या प्रोबचा, कोन. आवाज पाण्यात शंकूच्या आकारात पसरतो. एकोणीस अंशाचा शंकू तीस फुटांवर दहा फूट रुंद होतो, पण आठ फुटांवर जेमतेम पावणेतीन फूट. नऊ अंशाचा घेतलास, तर आठ फुटांवर फक्त सव्वा फूट. म्हणजे बर्फाला पाडलेल्या भोकापेक्षा थोडं मोठं वर्तुळ. मासा त्याच्या बाहेरून येऊन आमिषाला तोंड लावून गेला, तरी तुला कळणार नाही. खोल पाण्यात बारीक कोन बरा, उथळात रुंद. दोन्ही कोन असलेला ड्युअल बीम परवडत असेल तर उत्तम, नाहीतर एकोणीस-वीस अंश. रुंद कोनाचा एक तोटा मात्र आहे. तळ उतरता असेल, तर यंत्र शंकूतला सर्वात वरचा तळ धरतं आणि उताराच्या खालच्या अंगाला चिकटलेला मासा त्यात गडप होतो. म्हणून बसायची जागा शक्यतो सपाट बघ.

तिसरी गोष्ट कागदावर बारीक अक्षरात असते, आणि मामाच्या मते सगळ्यात मोलाची तीच. जवळजवळ असलेल्या दोन वस्तू यंत्र वेगळ्या दाखवतं का? आवाजाचा ठोका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिस्स्याएवढा लांब असेल, तर सात सेंटिमीटरच्या आतल्या दोन गोष्टी एकच दिसतात. उथळ पाण्यातले ब्लूगिल आणि क्रॅपी हे मासे पुष्कळदा तळाजवळ फिरतात, आमिषाच्या अगदी जवळ येऊन थांबतात. तुला पाहायचंय ते नेमकं हेच: आमिष आणि मासा यांच्यातलं अंतर कमी होतंय की वाढतंय. कंपन्या याला टार्गेट सेपरेशन म्हणतात. आकडा जितका लहान, तितकं बरं. तळाजवळचे काही फूट मोठे करून दाखवणारा झूम असेल, तर आणखी चांगलं.

आता फ्लॅशर की स्क्रीन, हा वाद. फ्लॅशर म्हणजे गोल तबकडी, तिच्यावर रंगीत रेघा. कमजोर एको हिरवा, जोराचा लाल. या क्षणी भोकाखाली जे आहे ते या क्षणी दिसतं, मागचं काही नाही. एलसीडी स्क्रीनवर इतिहास सरकत राहतो, शिकाऊ माणसाला तो समजायला सोपा जातो. पण कडाक्याच्या थंडीत साधे एलसीडी मंद होतात, आणि उथळ पाण्यातला मासा दोन-तीन सेकंदांत येऊन जातो. मामाचा कौल फ्लॅशरला. व्हेक्सिलार आणि मार्कम या दोन्ही कंपन्या तुझ्या मिनेसोटातल्याच. उद्या वायर तुटली तर दुरुस्ती जवळच होईल, हेही कमी नाही. हमिनबर्ड आणि गार्मिनच्या बर्फावरच्या स्क्रीनमध्येही फ्लॅशरसारखं चित्र दाखवायची सोय असते. एकात दोन्ही हवं असेल तर तो रस्ता आहे.

लाइव्हस्कोपबद्दल विचारलंस. गार्मिनने २०१८ मध्ये आणलेलं हे यंत्र आडवंही बघतं, म्हणजे भोकाखालीच नाही तर आजूबाजूला बऱ्याच लांबपर्यंत. खरं बोलायचं तर उथळ पाण्यात त्याचा फायदा मोठा आहे, कारण तिथे खाली बघण्यासारखं पाणीच कमी. पण बॅटरीसकट किंमत सहज दीड-दोन हजार डॉलरच्या घरात जाते. पहिल्याच हिवाळ्यात ते घेणं म्हणजे सायकल न शिकता बुलेट घेणं. काही शे डॉलरचा फ्लॅशर दोन हिवाळे नीट वापर, मग ठरव. पाणी स्वच्छ असेल तर पाण्याखालचा कॅमेराही उथळात सोनारपेक्षा जास्त सांगतो, ॲक्वा-व्ह्यू हा ब्रँड मिनेसोटातलाच. गढूळ पाण्यात मात्र कॅमेरा आंधळा. फोनला जोडायचे वायफायवाले सोनारचे गोळे सोडून दे. उणे वीस अंशांत फोनची बॅटरी आधी मान टाकते.

बॅटरीचं बोलणं निघालं म्हणून सांगतो. जुनी शिशाची बारा व्होल्टची बॅटरी स्वस्त, पण जड आणि थंडीत अर्धमेली. लिथियम आयर्न फॉस्फेटवाली हलकी आणि टिकाऊ, पण ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवून सकाळी तशीच चार्जरला लावलीस तर वाटोळं होईल. घरात आण, ऊब लागू दे, मग लाव.

यंत्र वापरायची रीत एकदा नीट समजून घे. ट्रान्सड्यूसर बर्फाच्या खालच्या कडेच्या थोडा खाली आणि ओळंब्यासारखा सरळ लोंबकळला पाहिजे. भोकात वर अडकला तर बाजूच्या बर्फाचेच एको दाखवत बसेल. मग गेन शून्यावर आण, आमिष तळाला सोड आणि आमिषाची बारीक हिरवी रेघ दिसेपर्यंतच गेन वाढव, पुढे नाही. शेजारचा माणूस तशाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र लावून बसला तर तबकडीवर कचरा दिसेल. इंटरफिअरन्स रिजेक्शनचा नॉब त्यासाठीच असतो. आणि हो, माशाचा एको मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे येतो. रेघ जाड दिसली म्हणजे मासा मोठा, असं धरून चालू नकोस. शंकूच्या मधोमध असलेला छोटा मासाही कडेच्या मोठ्यापेक्षा जाड दिसतो.

मासे यंत्राच्या आवाजाला घाबरतात का, असंही तू विचारलंस. बहुतेक यंत्रं दोनशे किलोहर्ट्झच्या आसपास चालतात आणि गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांना काही हजार हर्ट्झच्या पलीकडचं ऐकूच येत नाही. ते घाबरतात तुझ्या बुटांच्या दणक्याला आणि बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाला. आठ फुटांत हा त्रास खोल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. भोकं सगळी आधी पाडून घे आणि मग थोडा वेळ गप्प बस. पंचगंगेच्या घाटावर गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांना हे कुणी शिकवलेलं नाही, तरी ते करतात.

बर्फाच्या खाली पाण्याचा हिशेब उलटा असतो. चार अंशांचं पाणी सर्वात जड, म्हणून ते तळाला आणि शून्याच्या जवळचं वर. हिवाळ्याच्या सुरुवातीला मासे उथळ पाणवनस्पतींत असतात. पुढे बर्फावर हिमाचा जाड थर बसला, की उजेड आत जात नाही, वनस्पती प्राणवायू सोडायचं थांबवतात आणि उथळ खाडीतला श्वास कोंडतो. मासे तिथून हलतात, हलायला जागा नसली तर मरतात. तेव्हा ऐन जानेवारीत तुझी तबकडी रिकामी दिसली, तर दुकानात भांडायला जाऊ नकोस. थोड्या खोल पाण्यात जा. बर्फ वितळायला लागला, की मासे पुन्हा उथळात येतात.

यंत्राचं झालं. पण तुझ्या सगळ्या चौकशीत एक आकडा तू विचारलाच नाहीस. तिथलं राज्याचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं, म्हणजे डीएनआर, सांगतं, की नुसतं चालायला नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ किमान चार इंच हवा. गाडी न्यायची असेल तर त्याहून बराच जाड. पांढरट बर्फ अर्ध्या ताकदीचा. आणि कुठलाही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नाही, हेही तेच खातं सांगतं. २९ डिसेंबर २०२३ ला तिथल्याच अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा तुटून सरकला आणि शंभरहून अधिक माणसांना बाहेर काढावं लागलं. तो तलाव उथळच, बहुतेक पाणी पंधरा फुटांच्या आत. त्यात अडकलेल्यांपैकी कित्येकांपाशी सोनार असेल, पण सोनार पाण्याची खोली दाखवतो, पायाखालच्या बर्फाची जाडी नव्हे. ती गिरमिटाने भोक पाडून, टेपने मोजायची, चालता चालता पुन्हा पुन्हा. गळ्यात बर्फात रोवून बाहेर यायचे आइस पिक लटकव, आत लाइफ जॅकेट घाल, एकटा जाऊ नकोस. सोळा आणि त्यावरच्या वयाच्यांना मासेमारीचं लायसन्स लागतं, तेही काढ.

यंत्र घाईने घेऊ नकोस. वापरलेला फ्लॅशर चालेल. हंगाम संपत आला, की बरेच जण विकायला काढतात. घेण्याआधी मला मॉडेलचं नाव कळवू नकोस. चारच गोष्टी कळव: ट्रान्सड्यूसरचा कोन, लो-पॉवर मोड आहे की नाही, टार्गेट सेपरेशन किती, आणि कळवशील त्या दिवशी तलावावर बर्फ किती इंच आहे.

तुझा,
मामा