क्वेरी कुठे ठेवायची?

भिंगार

प्रिय भाचीस,


डेटाबेसमध्येच साठवलेली स्टोअर्ड प्रोसिजर की कोडातच क्वेरी, यावरून तुमच्या टीममध्ये वाद चाललाय म्हणालीस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

इथल्या एका पतसंस्थेसाठी मी सभासद शोधायचं पान केलं होतं. टाइप केलेलं नाव सरळ क्वेरीत चिकटवत होतो. कुणी इंग्रजीत डिसोझा लिहिलं की पान कोसळायचं. डीनंतरच्या अपॉस्ट्रॉफीने क्वेरीतलं अवतरण मध्येच संपायचं आणि उरलेलं नाव डेटाबेस हुकूम म्हणून वाचायचा. तिथेच कुणी कोट बंद करून पुढे ‘किंवा १ = १’ सारखं काही लिहिलं असतं, तर सगळ्या सभासदांची यादी त्याच्या हातात गेली असती. मी घाबरून सगळं प्रोसिजरमध्ये हलवलं. पण प्रोसिजरच्या पोटातही मजकूर जोडूनच क्वेरी बनवत होतो, त्यामुळे भोक तसंच राहिलं. ते बुजलं पॅरामीटरने. नाव वेगळं पाठवलं की ते नावच राहतं, मग क्वेरी कुठेही असो. ही गोष्ट पक्की धर, जागेचा वाद त्यानंतरचा. एवढं मात्र ध्यानात ठेव, की कॉलमचं नाव पॅरामीटरने जात नाही. निकाल कोणत्या कॉलमनुसार लावायचा, ते ठरलेल्या यादीतूनच घे.

‘प्रोसिजर वेगवान’ म्हणणाऱ्यांना सांग, एसक्यूएल सर्व्हर साधी पॅरामीटरवाली क्वेरी चालवण्याचा प्लॅनही जपून ठेवतो. प्रोसिजरचा खरा फायदा परवानगीचा. वेबच्या खात्याला टेबलं न देता फक्त ठरावीक प्रोसिजर चालवू देता येतात. ३१ मार्चच्या व्याजआकारणीसारखं काम तिथेच करावं, हजारो ओळी वेब सर्व्हरपर्यंत ओढू नयेत. रोज बदलणारी शोधाची पानं मात्र कोडातच बरी, बदल गिटमध्ये एकत्र दिसतो. आणि प्रोसिजर लिहिलीच, तर तिची फाइलही गिटमध्ये हवीच.

क्वेरीत काय लिहू नये, हेही सांगतो. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा जुनं नाव मी पानोपानीच्या क्वेऱ्यांत लिहून ठेवलेलं सापडलं. एक पान सुटलं आणि अहवालात एकाच जिल्ह्याचे दोन झाले. क्वेरीत जिल्ह्याचा कोड ठेवून नाव एकाच टेबलात हवं होतं.

उद्या तुझ्या कोडात अधिक चिन्हाने जोडलेल्या क्वेऱ्या शोध. किती सापडल्या ते कळव, रविवारी बसून दुरुस्त करू.

तुझा,
मामा