राजीनाम्यावर सही करण्याआधी

पुण्यातल्या ज्या गेम स्टुडिओत मी एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट होतो, तो 2024 मध्ये बंद झाला. गेममधले वाडे, गल्ल्या, पडक्या भिंती, झाडंझुडपं उभी करणं हे माझं काम. आता मी सोलापुरात, अशोक चौकाजवळच्या आमच्या घरातूनच काम करतो. अधूनमधून फोन येतात. कुणी ओळखीचे विचारतात, ‘पोरगा गेमिंगच्या कोर्सला जायचं म्हणतोय, घालू का?’ कधी पुण्याहून किंवा बंगळुरूहून एखादी मुलगी दबक्या आवाजात विचारते, ‘दादा, एचआरने बोलावलंय, काय करू?’ दोघांनाही जे सांगतो, ते इथे एकत्र लिहितो आहे.

आमचं काम परदेशी पब्लिशरसाठी चालायचं. गेम त्यांचा, त्यातला एक भाग आमच्याकडे. कामाचा ठरलेला टप्पा, म्हणजे माइलस्टोन, पूर्ण झाला की पैसे यायचे आणि त्यातून आमचे पगार व्हायचे. एके दिवशी पब्लिशरने तो गेमच रद्द केला. आमचा बिल्ड वेळेवर गेला होता, कामाबद्दल तक्रारही नव्हती. दुपारी सगळ्यांना मीटिंगला बसवलं, मग एकेकाला आत बोलावलं. टेबलावर छापलेला कागद तयार होता: वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे. आत्ता सही केली तर रिलीव्हिंग लेटर आणि एका महिन्याचा पगार लगेच मिळेल, नाहीतर पुढे अवघड जाईल, असं सांगण्यात आलं. बऱ्याच जणांनी तिथेच सही केली. मी म्हटलं, ‘वाचून उद्या सांगतो,’ आणि कागद घेऊन बाहेर आलो.

हे धैर्य माझं नव्हतं, काकांकडून आलेलं होतं. सोलापूरला कारखाना बंद पडणं नवं नाही. 1877 मध्ये इथे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी गिरणी उभी राहिली, तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या, शहर भोंग्यावर उठायला-जेवायला लागलं, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या गिरण्या एकेक करून थांबल्या. काका त्यातल्याच एका गिरणीत होते. हिशोबाच्या कोऱ्या कागदावर त्यांनी अंगठे उठताना पाहिले होते. ते आम्हा पोरांना सांगायचे, ‘कागद घरी आणायचा, चारचौघांत वाचायचा, मग हात लावायचा.’ गिरणी पुन्हा सुरू होईल या आशेवर त्यांची उमेदीची वर्षं गेली, हेही मी पाहिलं होतं. म्हणून स्टुडिओला नवा गुंतवणूकदार मिळतोय अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा तिच्यावर विसंबून मी एक दिवसही थांबलो नाही.

पहिली गोष्ट मनाला पटवून घ्या: स्टुडिओ बंद होणं म्हणजे तुमच्या कामावर मारलेला शेरा नव्हे. टोकियोच्या टँगो गेमवर्क्सने जानेवारी 2023 मध्ये ‘हाय-फाय रश’ हा गेम आणला. त्याचं भरपूर कौतुक झालं, पुरस्कार मिळाले. तरी मायक्रोसॉफ्टने मे 2024 मध्ये तो स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं. पुढे ऑगस्टमध्ये ‘बीजीएमआय’ हा मोबाइल गेम बनवणाऱ्या क्राफ्टनने ती टीम आपल्याकडे घेतली. त्याच वर्षी जानेवारीत मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातली 1,900 माणसं कमी केली होती. फेब्रुवारीत सोनीने प्लेस्टेशनची सुमारे 900 माणसं कमी करायचं जाहीर केलं. आपल्या जवळचं उदाहरण घ्या. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर झाला, तेव्हा तो युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. मे 2022 मध्ये तो मॉन्ट्रियलकडे गेला आणि जानेवारी 2026 मध्ये कंपनीने तो रद्दच केला. मोठमोठ्या, अनुभवी टीम आणि नावाजलेला गेम, तरीही हे होतं.

याची कारणं धंद्यात आहेत. कोविडच्या काळात लोक घरात बसून खेळले, पैसा स्वस्त होता, कंपन्यांनी भराभर माणसं घेतली आणि स्टुडिओ विकत घेतले. 2022 पासून व्याजदर चढले, खेळणारे पुन्हा बाहेर पडले, मोठ्या गेमचा खर्च मात्र वाढतच गेला. हिशोब जुळेना तेव्हा आधी प्रोजेक्ट कापले गेले. आपल्याकडच्या पैशांच्या गेमचं कारण वेगळं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि एमपीएलसारख्या कंपन्यांनी लगोलग मोठी कपात केली. तो कायदा समाजाच्या भल्याचा असेल, पण तिथल्या टेस्टरचा आणि प्रोग्रामरचा त्यात काही दोष नव्हता.

आता कामाचं. स्टुडिओ डगमगतोय हे आधी कळतं. माइलस्टोनचे पैसे उशिरा येऊ लागतात, कंत्राटी माणसांची मुदत वाढवली जात नाही, लीड मंडळी एकेक करून निघतात, आणि ‘पुढचा प्रोजेक्ट कोणता?’ याचं नाव घेऊन कुणी उत्तर देत नाही. सगळ्यात खात्रीची खूण पीएफच्या पासबुकात असते. पगारातून पीएफ कापला जातोय पण खात्यात जमा होत नाही, असं दिसलं तर कंपनीकडे रोख पैसा उरलेला नाही असं समजा आणि त्याच आठवड्यात बाहेर अर्ज करायला लागा. पासबुक दर महिन्याला बघा, फोनवर दोन मिनिटांत होतं.

बोलावणं आलंच तर त्या खोलीत सही करू नका. तुम्ही स्वतःहून राजीनामा दिला की कायद्याच्या दृष्टीने ती कपात राहत नाही आणि कपातीची भरपाई मागायचा तुमचा पायाच निघून जातो. आधी 1947 चा औद्योगिक विवाद कायदा होता; 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई, हा नियम दोन्हींत आहे. नव्या संहितेत कौशल्यवाढीसाठी आणखी 15 दिवसांच्या पगाराची तरतूद आहे. आपण ‘कामगार’ थोडेच, असं समजून गप्प बसू नका. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय यापेक्षा तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता ते पाहिलं जातं. हाताने मॉडेल बनवणारा, कोड लिहिणारा, गेम तपासणारा माणूस सहसा मॅनेजर ठरत नाही. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मागा. थकलेला पगार नव्या वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी एचआरला ईमेल करा: आज मला अमुक सांगण्यात आलं, मी राजीनामा दिलेला नाही, कपातीचं पत्र लेखी द्यावं. माझा ईमेल गेल्यावर कपातीचं पत्रही आलं आणि भरपाईही. दाद मिळत नसेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा, पुण्यातल्या नाइट्ससारख्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेशी बोला. एकट्याने जाण्यापेक्षा पाच जण मिळून गेलात तर जास्त ऐकून घेतलं जातं.

पैशांच्या बाबतीत तीन गोष्टी. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला असल्याशिवाय नवं कर्ज घेऊ नका. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून आईवडिलांचा वेगळा विमा नोकरी चालू असतानाच काढा; राहून गेलं असेल तर गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे शेवटच्या दिवसाच्या आत विचारा. पीएफ मोडायची घाई करू नका.

कलाकारासाठी पगारापेक्षाही मोठं नुकसान वेगळंच असतं. रद्द झालेला गेम बाहेर येत नाही. त्यात तुमचं नाव झळकत नाही, आणि गोपनीयतेच्या करारावर (एनडीएवर) सही असल्यामुळे केलेलं काम कुणाला दाखवताही येत नाही. मी उभं केलेलं एक अख्खं शहर आज कुठल्यातरी सर्व्हरवर पडून आहे आणि मुलाखतीत मला त्याचा एक कोपराही दाखवता येत नाही. कंपनीच्या फाइल चोरून घरी आणणं हा यावरचा उपाय नव्हे. तो गुन्हा आहे आणि नावही जातं. उपाय असा: दरवर्षी स्वतःचं एक तरी काम पूर्ण करा, मालकी तुमची. ब्लेंडर फुकट मिळतं. मी सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा एक बुरूज आणि त्याखालचा पायऱ्यांचा भाग रविवारी-रविवारी बसून केला होता, आणि त्याच कामावर मला पुढची कामं मिळाली. सुरुवातीला बांधकाम व्यावसायिकांसाठी इमारतींचे थ्रीडी वॉकथ्रू केले, मग पुन्हा गेमची. शिवाय गेम जाहीर झाला की पोर्टफोलिओत काय दाखवू शकतो याची परवानगी लीडकडून ईमेलवर घेऊन ठेवा. तुमच्या कामाबद्दल दोन ओळी लिहून देणारी माणसं आज शेजारी बसली आहेत, उद्या पांगतील. त्यांच्याकडून आजच लिहून घ्या.

आईवडिलांनाही सांगायचं आहे. पोराला या क्षेत्रात जाऊ द्या, इथे खरं काम आहे आणि ते शिकण्यासारखं आहे. पण लाखाच्या घरातली फी भरण्यापूर्वी संस्थेकडे मागच्या दोन बॅचच्या मुलांची कामं मागा आणि त्यातल्या चार-पाच जणांशी स्वतः बोला. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ लिहिलेल्या पत्रकावर कर्ज काढू नका. चित्रकला, गणित किंवा प्रोग्रामिंग यांपैकी एक तरी पाया पक्का असेल तर गेम थांबले तरी सिनेमाचं व्हीएफएक्स, वास्तुकलेचं काम, प्रशिक्षणाची सिम्युलेशन अशी दुसरी दारं उघडी राहतात. आणि पोराची नोकरी गेली तर ‘तूच कमी पडला असशील’ हे वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका. माझ्या आईने ते म्हटलं नाही, म्हणून मी लवकर उभा राहिलो.

ज्यांची नोकरी आज शाबूत आहे त्यांना एक विनंती. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस गेला की त्याला फोन करा, कुठे जागा असेल तर त्याचं नाव सुचवा, क्रेडिट्समध्ये त्याचं नाव राहिलंय का ते विचारा. आणि ज्यांना उद्या आत बोलावणार आहेत, त्यांनी एवढंच करावं: कागद घ्यावा, सही न करता बाहेर यावं आणि घरी खरं काय घडलं ते त्याच दिवशी सांगावं.