पाचर काढू नकोस

पुणे

चि. बाळास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा, अक्काचा फोन आला. शेंगांची चटणी पाठवते, थंडी कशी आहे, असं बोलता बोलता ती म्हणाली, "अरे, परवा याच्या करवतीच्या मशीनवरून फळी उडाली. मागच्या दाराची खालची चौकट फुटली. हा म्हणतो, होतं असं." मग आणखी एक सांगितलं. पात्याच्या मागची लोखंडी सुरी तू काढून माळ्यावर टाकली आहेस, लाकूड तिच्यात अडकतं म्हणून. वरचं झाकण त्या सुरीवरच बसतं, म्हणजे तेही गेलं. अक्काला त्यातलं कळत नाही, ती पुढे चटणीवर आली. मला मात्र रात्रभर डोळा लागला नाही.

बाळा, "होतं असं" हे तू म्हणालास कसं? तुझं 10 इंची पातं मिनिटाला 2800 फेरे घेत असेल, तर त्याच्या दाताचा वेग ताशी 130 किलोमीटरच्या वर जातो. पुढचे दात लाकूड टेबलावर दाबतात, मागचे दात खालून वर येत असतात. बाभूळ, कडुनिंब असलं आडव्यातिडव्या रेषांचं लाकूड चिरलं की त्यातला ताण सुटतो आणि चीर मागे मिटू लागते. मिटलेली फळी मागच्या दातांना चिकटली की ते तिला उचलून तुझ्याकडे फेकतात. या वेळी दार होतं. तू हातभर सरकून उभा असतास तर काय झालं असतं, हे मला लिहवत नाही.

सोलापूरच्या पोराला हे वेगळं समजावायला नको. मागावरून धोटा उडतो म्हणजे काय, ते आपल्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी जॉबर असताना एका मिलमध्ये उडालेल्या धोट्याने एका विणकराचा डोळा गेला. धोटा अडवणारा गज तुटलेलं सूत जोडताना आड येतो, म्हणून वर बांधून ठेवलेला होता. ते आठवलं की मला तुझी माळ्यावरची सुरी दिसते.

लाकूड अडकतं हे खोटं नाही, पण दोष सुरीचा नसावा. दिवाळीत तू नवं पातळ पातं आणलंस, असं मला सांगितलं होतंस. माझा व्हर्निअर तुझ्याकडेच आहे. पात्याच्या दाताची रुंदी माप, मग सुरीची जाडी माप. सुरी दाताच्या रुंदीपेक्षा पातळ हवी आणि पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड. दात 2.4 मिलिमीटरचे आणि सुरी 2.5 ची असेल, तर तिने चिरेत जावं तरी कसं? एक तर जुनं जाड पातं परत चढव, नाहीतर या पात्याला जुळणारी सुरी आण. ती पात्याच्या सरळ रेषेत बसव, दातांपासून 3 ते 8 मिलिमीटरवर.

दुसरी तपासणी फेन्सची, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरकवतोस त्या पट्टीची. आधी पिन सॉकेटमधून काढ, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पातं पूर्ण वर घे, एका दातावर खूण कर. टेबलावरच्या खाचेपासून तो दात पुढे असताना अंतर माप, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे आण आणि पुन्हा माप. फरक आला तर पातं खाचेला समांतर नाही, टेबलाखालचे बोल्ट सैल करून ते जुळवावं लागेल. मग फेन्स त्याच खाचेला समांतर लाव. ती मागच्या बाजूला पात्याकडे झुकली असेल तर लाकूड दाबलं जाणारच. मागे कागदाच्या जाडीइतकी मोकळी राहिली तर चालेल.

चिरेच्या कडा काळ्या पडतात, असं अक्का म्हणाली. त्याचं कारण बहुधा हीच झुकलेली फेन्स, नाहीतर दातांवर बसलेला डिंक. कडुनिंबाचा डिंक फार चिवट. पातं उतरवून गरम पाण्यात धुण्याचा सोडा घाल, थोडा वेळ भिजव, जुन्या ब्रशने घास, पुसून कोरडं कर. तरीही जळत असेल तर धार लावून घे. जुन्या वाड्याचं सागवान आणतोस त्यावर आधी लोहचुंबक फिरव, एका खिळ्याने दात उडतो. मोटार नुसती गुणगुणून फिरत नसेल तर आधी पट्टा आणि बेअरिंग बघ. मग कंडेन्सर, पण तो वीजवाल्याकडूनच तपास. बंद मशीनच्या कंडेन्सरमध्येही वीज साठून राहते. आणि 2 अश्वशक्तीची मोटार बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर चालवू नकोस, विजेचा दाब कमी होतो आणि मोटार तापते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती जळायला वेळ लागणार नाही.

आणखी एक. आपल्याकडे लाईट जाते आणि न सांगता येते. विहिरीच्या मोटारीला असतो तसा हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर बसव. लाईट गेली की तो सुटतो, परत आली तरी आपोआप लागत नाही. नाहीतर तू पात्याजवळचा भुसा काढत असशील आणि पातं फिरू लागेल. हातमोजे घालू नकोस, पात्यात धागा अडकला की हात ओढला जातो. शेवटची वीत ढकलायला काठी ठेव.

कारखान्यात लाकूडकामाच्या गोल करवतीला झाकण, सुरी आणि ढकलायची काठी असावी, असं नियमच सांगतात. 1948 च्या कारखाने कायद्यातही यंत्रांना कुंपण घालण्याचं कलम होतं. पण तुझ्या पडवीत कोण तपासायला येणार? तिथे तूच मालक, तूच कामगार. अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी बोट लागताक्षणी पातं काही मिलिसेकंदांत थांबवणारं यंत्र बनवलं. जावईबापूंनी मला त्याची चित्रफीत दाखवली. आपल्या जुन्या मशीनला तसलं काही नाही. आपल्याकडे ती सुरी आहे, आणि ती तू माळ्यावर टाकलीस.

माझे वडील, आबा, आणि त्यांचा जोडीदार मोठं खोड मचाणावर चढवून करवतीने चिरायचे, एक वर, एक खाली. चीर लांबली की ती मिटू नये म्हणून तिच्यात लाकडी पाचर ठोकायची, हे काम माझं. तुझी सुरी म्हणजे तीच पाचर, पात्याबरोबर कायमची बसवलेली. मला तेव्हा त्या कामाचा कंटाळा यायचा. अठराव्या वर्षी मिलचा पगार दिसला आणि मी गेलो. आबा एवढंच म्हणाले, "पगार बरा आहे." थांब म्हणाले नाहीत. पुढे मिला एकेक करून बंद पडल्या, भोंगे थांबले, तोवर आबाही गेले. त्यांचा रंधा आणि पटाश्या अक्काने गोणपाटात गुंडाळून जपल्या. मला त्या कशा धरायच्या हेही नीट येत नाही, याचं दुःख अजून जात नाही.

म्हणून तू पहिलं स्टूल केल्याचं कळलं तेव्हा मला काय वाटलं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. आबांच्या घरात पुन्हा भुसा पडू लागला. मशीन विक, असं मी म्हणणार नाही. अक्का म्हणाली तरी मी तिला समजावीन. तुला काम आवडतं, तुझा हात आबांसारखा बसतो, हे मी पाहिलं आहे. यंत्र कुरकुरलं तर त्याचा दोष शोध. जे आपल्याला राखतं ते काढून टाकू नकोस, एवढंच.

संक्रांतीच्या जत्रेतल्या नंदीध्वजाचा सराव आता सुरू झाला असेल. गेल्या संक्रांतीला बाराबंदी घालून तू काठी पेललीस, तेव्हा मी गर्दीत फक्त तुझे हात बघत होतो. या वर्षी अक्षतांच्या सोहळ्याआधीच येतो आणि गड्ड्याची जत्रा उलगडेपर्यंत राहतो. लांब फळ्या चिरायच्या असतील तर तोवर ठेव. त्यांना टेबलाच्या मागे आधार लागतो, तो मी देईन. तू पुढून शिकव, मला या वयातही शिकायचं आहे.

रागाने काही जास्त लिहिलं असेल तर मनात धरू नकोस. मापं घेऊन कळव. आणि मापं घ्यायला वेळ झाला नाही तरी आज रात्री एक फोन कर, तुझा आवाज ऐकायचा आहे.

अक्काला नमस्कार, लहानग्यांना पापा.

तुझा,
मामा