कूलंट कमी होतंय, पण गळती दिसत नाही

प्रश्न : कूलंट दर पंधरवड्याला ‘मिन’च्या खाली जातं, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. मेकॅनिक म्हणतो, पाणी टाकत राहा. काय करू? — एक वाचक, सातारा

उत्तर : नुसतं पाणी टाकत राहू नका, आतून गंज धरतो. बंदिस्त यंत्रणेतलं कूलंट इतक्या लवकर कमी होतंय, म्हणजे बहुधा कुठेतरी गळतंयच. तापलेल्या इंजिनवर थेंब जागीच वाळतो, म्हणून जमिनीवर दिसत नाही. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडा. होज पाइपांच्या क्लिपा, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जोडते ती कड, वॉटर पंपाखालचं बारीक भोक टॉर्चने पाहा. पांढुरका, हिरवट किंवा गुलाबी थर दिसला, की चोर सापडला. पुढची मॅट ओली आणि आत गोडसर वास असेल, तर हीटर कोअर गळतोय. काहीच न सापडल्यास प्रेशर टेस्ट करून घ्या, त्यात रेडिएटरचं झाकणही तपासा. क्लिप किंवा झाकण बदलणं किरकोळ काम. ऑइल दुधाळ दिसलं किंवा इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी टो करूनच न्या. आणि कृपा करून, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं कूलंट थेट अंगावर येतं.