सूट किती द्यायची? करा तोंडी हिशोब

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं. समजा, तुम्ही तिची पाकिटं विकताय. पॅकिंग, वाहतूक धरून एक पाकीट 200 रुपयांना पडलं. जुन्या लोकांची सवायकी लावा: 200 ची सव्वापट 250. झाला खरेदीवर 25 टक्के नफा.

आता गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, 25 टक्के सूट द्या." बरोबरीत सुटू असं वाटतं ना? पण सूट 250 वर लागते. 250 चा पाव साडेबासष्ट. हाती उरले 187.50. पाकिटामागे साडेबारा रुपये खिशातून गेले!

लक्षात ठेवा: खरेदीवर पाव चढवला, तर विक्रीतला पाचवा हिस्साच आपला. 250 चा दहावा भाग 25, त्याची दुप्पट 50. सूट याच्या आतच द्या. आजच दुकानातल्या तीन वस्तूंवर करून पाहा.