यंत्र कोणाचे साथीदार?



यंत्र चांगले की वाईट, हा वाद आपण नेहमी ऐकतो. आज वेगळा प्रश्न विचारू या : यंत्र आले की ओझे कोणाचे हलके होते आणि त्याची किंमत कोण मोजतो?

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रातून कामगारांची बाजू मांडली. त्याला नव्वद वर्षे झाली तेव्हा, १९८१ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमावर 'लाबोरेम एक्झर्चेन्स' हे विश्वपत्र लिहिले. तंत्रज्ञान हे माणसाचे साथीदार आहे, असे ते त्यात सांगतात. पण तेच तीन प्रकारे शत्रूही बनू शकते.

१. कामातला आनंद जातो. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरचे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने बोटांत उतरत असे. संगणकावर डीटीपी आले आणि त्या कसबाला गिऱ्हाईक उरले नाही.

२. कामच जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. आपला वेळ वाचला. खिडकीत बसून सुटे पैसे मोजणाऱ्याची गरज मात्र घटली.

३. माणूस यंत्राचा ताबेदार होतो. घरपोच जेवण आणणाऱ्या तरुणाला कोणती ऑर्डर, किती वेळ, किती पैसे, हे मोबाईलमधले ॲप ठरवते. त्याला 'पार्टनर' म्हणतात. पण दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे आणि रस्त्यावरचा धोकाही त्याचाच.

मग हे सारे अटळ आहे का? नाही. १९८० च्या दशकात बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचारी संघटनांनी व्यवस्थापनाशी करार केले. पुढे जाडजूड खातेवह्या गेल्या, पण कायम कर्मचाऱ्यांना रातोरात घरी बसावे लागले नाही. ज्यांच्यामागे संघटना नाही, त्यांनाच यंत्राचा पहिला फटका बसतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवर काम करणाऱ्यांची दखल घेतली, ही त्या दिशेने एक पायरी आहे.

पोप लिओ चौदावे यांनी २०२५ मध्ये हे नाव घेताना कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख केला, तो याच चिंतेतून. कामाचे मोल यंत्राच्या वेगावरून ठरत नाही. ते करणारा माणूस आहे, म्हणून त्याला मोल आहे.

कुटुंबात विचार करू या :
- आपल्या घरात किंवा शेजारी यंत्रामुळे कोणाचे काम बदलले? आपण त्याची विचारपूस केली का?
- दारात आलेल्या तरुणाला आपण पाणी विचारतो की फक्त उशीर झाल्याची तक्रार करतो?