पडलेल्या प्रतिस्पर्ध्याशी कसे वागावे?

वर्धा, पुलगाव, हिंगणघाट येथील आपले तरुण मोबाईलवर बीजीएमआय खेळतात. २०२० साली पबजी मोबाईलवर बंदी आली. २०२१ साली तिच्या जागी हा खेळ आला. शंभरापर्यंत खेळाडू रणांगणात उतरतात व शेवटपर्यंत टिकतो तो जिंकतो. संघाच्या डावात गोळी लागलेला गडी रांगू लागतो. साथीदाराने वेळेत उचलले तर तो पुन्हा उभा राहतो. त्याच्याशी करुणेने वागणे म्हणजे काय?

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात मारण्याची गरज व मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. तोच निकष येथे लावावा. रांगणाऱ्याला बाद करणे ही डावाची गरज आहे. परंतु त्याला घेरून खिजविणे, माईकवरून शिव्या देणे, जातीवरून बोलणे, यात गरज कोणती? ती केवळ दुसऱ्याला हीन करण्याची इच्छा होय. खेळातील मरण खोटे असते, अपमान मात्र खरा असतो.

दया म्हणून मुद्दाम हरणे हीही करुणा नव्हे. त्यातही समोरच्याला कमी लेखणेच आहे. नवख्याशी बरोबरीने खेळावे. तो ओळखीचा असल्यास डाव संपल्यावर त्याला शेजारी बसवून त्याचे कोठे चुकले ते समजावून सांगावे.